अत्तराचे दिवे आणि घामाचा हिशेब

'अत्तराचे दिवे लावणे' हा वाक्प्रचार मराठीत उधळपट्टीसाठी रूढ आहे. तो रूढ झाला त्या काळी अत्तर ही सरदार-दरकदारांच्या बैठकीतील वस्तू होती. सामान्य माणसाचा तिच्याशी संबंध लग्नसमारंभात मनगटावर ओढल्या जाणाऱ्या एका बोटापुरता येत असे. आता परिस्थिती पालटली आहे. मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये पन्नास मिलिलिटरच्या, म्हणजे खोकल्याच्या औषधाच्या लहान बाटलीहून मोठ्या नसलेल्या, कुपीसाठी पंधरा-वीस हजार रुपये मोजणारा ग्राहक सरदार घराण्यातला असतोच असे नाही. तो पुष्कळदा आपल्याच अंबड-गेवराईकडून शिकून गेलेला, संगणक कंपनीत नोकरीला लागलेला तरुण असतो आणि ती रक्कम तो हप्त्याने फेडीत असतो. या द्रव्यांना 'नीश परफ्यूम' म्हणतात. मोजक्या प्रमाणात काढलेले, मोजक्या दुकानांत मिळणारे, सर्वांनी लावू नये अशा बेताने विकले जाणारे, आणि बहुधा 'युनिसेक्स', म्हणजे स्त्री-पुरुष दोघांसाठी एकच, असे त्यांचे वर्णन केले जाते. हे द्रव्य आपल्या किमतीच्या लायकीचे असते काय, असा प्रश्न आता मध्यमवर्गीय घरांतून गंभीरपणे विचारला जातो.

आपल्या साप्ताहिकाने या प्रश्नात का पडावे, अशी शंका काही कार्यकर्त्यांना येईल. हमीभाव, पाणी, बेकारी हे विषय समोर असताना अत्तराची चर्चा हा रिकामपणाचा उद्योग वाटणे स्वाभाविक आहे. परंतु किंमत कशी ठरते आणि तिच्यातील कोणता हिस्सा कोणाकडे जातो, हा समाजवादी विचारातला मूलभूत प्रश्न आहे. ज्वारीच्या किंवा उसाच्या भावाबाबत तो विचारताना अनेक गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. चैनीच्या वस्तूत मात्र तो नागडा होऊन समोर येतो, कारण तिथे गरजेची सबब उरत नाही. म्हणून हा हिशेब एकदा नीट मांडून पाहणे उपयोगाचे आहे.

प्रथम बाटलीत काय असते ते पाहू. कोणत्याही स्प्रेच्या सुगंधी द्रव्यात सर्वसाधारणपणे चार पंचमांश किंवा त्याहून अधिक भाग अल्कोहोल आणि थोडे पाणी असते. हे अल्कोहोल उसाच्या मळीपासून, बीटपासून किंवा धान्यापासून निघते आणि ते अत्यंत स्वस्त असते. उरलेला भाग सुगंधी अर्काचा. म्हणजे पन्नास मिलिलिटरच्या बाटलीत अर्क असतो तो फार तर आठ-दहा मिलिलिटर. हा अर्क पूर्वी फुले, मुळे, लाकूड, राळ यांपासून काढीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रसायनशास्त्राने हे चित्र बदलले. 1868 साली पर्किनने कुमारिन प्रयोगशाळेत तयार केले. 1874 साली कृत्रिम व्हॅनिलिन आले. तेव्हापासून सुगंधाचा फार मोठा भाग कारखान्यात तयार होतो. यात कमीपणा काहीच नाही, उलट या रसायनशास्त्रामुळेच कामगाराच्या अंघोळीच्या साबणाला वास आला. आपल्या महाराष्ट्रातही एस. एच. केळकर आणि कंपनीसारखी संस्था 1922 पासून या उद्योगात आहे. साबण, केसांचे तेल, उदबत्ती यांना लागणारे सुगंध याच विद्येतून येतात, आणि तीच विद्या महागड्या बाटलीतही असते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे 2006 साली बाजारात आलेले 'मॉलिक्यूल 01' हे युनिसेक्स परफ्यूम. त्याच्या अर्कात एकच सुगंधी द्रव्य आहे, 'आयसो ई सुपर'. देवदाराच्या लाकडासारखा मंद वास असलेले हे रसायन 1973 साली एका अमेरिकी कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले. घाऊक बाजारात ते किलोच्या मापाने विकले जाते आणि महाग द्रव्यांत त्याची गणना होत नाही. असंख्य साध्या परफ्यूममध्ये ते मिसळलेले असते. ते एकटेच अल्कोहोलमध्ये विरघळवून सुबक बाटलीत भरले गेले आणि नीश परफ्यूम म्हणून जगभर खपले. विक्रेत्याने ही गोष्ट लपवली नाही, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. परंतु यावरून एवढे सिद्ध होते की बाटलीची किंमत आतल्या मालावरून ठरत नाही.

नीश परफ्यूमच्या समर्थकांचे यावर उत्तर असते आणि ते ऐकून घेणे न्यायाचे होईल. ते म्हणतात, सर्वच बाटल्या अशा नसतात. काहींत खरा गुलाब, खरी चमेली, खरे चंदन असते. हे खरे आहे. एक किलो गुलाबाचे अस्सल तेल काढायला तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. चमेलीची कळी पहाटेपूर्वी हातानेच खुडावी लागते, तिला यंत्र चालत नाही. शिवाय सुगंध रचणे ही कला आहे. त्यासाठी वर्षानुवर्षांचा अभ्यास आणि शेकडो प्रयोग लागतात. थोडक्या प्रमाणात माल काढला की प्रत्येक नगाचा खर्चही वाढतो. हे सर्व मान्य केले तर एवढे निघते की काही सुगंधी द्रव्यांच्या मागे फार मोठे मानवी श्रम आहेत. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो: त्या श्रमांना या किमतीतून काय मिळते?

चमेलीचेच पाहू. जगातील चमेलीच्या फुलांपैकी सुमारे निम्मी इजिप्तमध्ये होतात. 2024 च्या मे महिन्यात बीबीसीने तेथील फूलतोडणीवर शोधवृत्त प्रसिद्ध केले. मोठ्या पाश्चात्त्य परफ्यूम कंपन्यांना माल पुरवणाऱ्या साखळीत लहान मुले रात्रभर कळ्या खुडताना त्यात आढळली. मुलांसह रात्रभर राबणाऱ्या एका कुटुंबाच्या हाती, जमीनमालकाचा वाटा वजा जाता, सुमारे दीड डॉलर पडला. कंपन्यांनी बालमजुरीविरुद्धची आपली धोरणे पुढे केली, चिंताही व्यक्त केली. ती धोरणे कागदावर असतीलही. परंतु कळीचा भाव ठरवणारी ताकद ज्यांच्याकडे आहे त्यांनीच तो इतका खाली ठेवला असेल, तर मुलांना शेतावर नेण्यावाचून त्या आईला दुसरा मार्ग कोणता राहतो? आपल्याकडेही विक्रमगड-जव्हार भागातले आदिवासी शेतकरी मोगरा पिकवून दादरच्या फूलबाजारात पाठवतात. फूल ताजे असेपर्यंतच त्याला किंमत, त्यामुळे भाव पाडणाऱ्यापुढे त्यांना थांबता येत नाही, हे तेथील कार्यकर्त्यांना सांगायला नको.

आणि ज्याच्या कलेचा एवढा गौरव होतो त्या सुगंधकाराचे काय? 2006 सालच्या जून महिन्यात युरोपात दोन निकाल लागले. फ्रान्सच्या सर्वोच्च अपील न्यायालयापुढे एक सुगंधकार स्त्री आली होती. आपण रचलेल्या सुगंधावर लेखकाला असतो तसा आपला हक्क आहे आणि त्याच्या विक्रीतून आपल्याला वाटा मिळावा, अशी तिची आपल्या माजी मालक-कंपनीविरुद्ध मागणी होती. न्यायालयाने निर्णय दिला की सुगंधरचना हे केवळ कसब आहे, तिला साहित्यकृतीसारखे संरक्षण मिळू शकत नाही. त्याच आठवड्यात नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमका उलट कौल दिला: सुगंधाला लेखनाप्रमाणे स्वामित्वहक्क असू शकतो. मात्र तिथे फिर्यादी एक मोठी कंपनी होती आणि तक्रार स्वस्त नक्कल विकणाऱ्याविरुद्ध होती. देश दोन, कायदे दोन, म्हणून यातून सरसकट सिद्धांत काढू नये. तरीही कला म्हणून जिची जाहिरात होते तिचे भाडे रचणाऱ्याच्या हाती न पडता बोधचिन्हाच्या मालकाकडे कसे जाते, हे या दोन निकालांवरून समजून घेता येईल.

तेव्हा पैसा नेमका कशासाठी मोजला जातो? रिकार्डोने 1817 सालीच नोंदवून ठेवले आहे की दुर्मिळ पुतळे, जुनी नाणी, विशिष्ट जमिनीतील द्राक्षांचे मद्य अशा काही वस्तूंचे मूल्य श्रमांवरून ठरत नाही. ते त्यांच्या दुर्मिळतेवरून आणि घेणाऱ्याच्या ऐपतीवरून ठरते. नीश परफ्यूमचा व्यापार पाहिल्यास रिकार्डोच्या या अपवादाचाच धंदा झालेला दिसतो. फरक एवढाच की तेथील दुर्मिळता निसर्गाने घातलेली होती, येथील दुर्मिळता ठरवून घातलेली आहे. अल्कोहोल आणि रसायन हवे तितके मिळते, तरी माल मोजकाच सोडला जातो. 1899 साली व्हेब्लेनने श्रीमंतांच्या दिखाऊ उपभोगाचे जे विश्लेषण केले त्याचीही येथे आठवण होते: काही वस्तू महाग असल्यामुळेच घेतल्या जातात, आणि स्वस्त केल्या तर त्यांचे गिऱ्हाईक तुटते. अशा वस्तूच्या बाबतीत 'किमतीच्या लायकीची आहे काय' हा प्रश्नच फसवा ठरतो, कारण किंमत हाच त्या मालाचा मुख्य घटक असतो.

'आम्ही लहान, स्वतंत्र कारागीर आहोत, मोठ्या भांडवलाशी आमचा संबंध नाही' या दाव्याचीही परीक्षा करावी. न्यूयॉर्कमध्ये 2006 साली सुरू झालेली 'ल लाबो' ही संस्था 2014 साली एस्टी लॉडर या बलाढ्य कंपनीने घेतली. 'क्रीड' हे जुने घराणे 2023 साली केरिंग या फ्रेंच समूहाने साडेतीन अब्ज युरो देऊन विकत घेतले. 'बायरेडो' या स्वीडिश संस्थेतील बहुसंख्य भाग 2022 साली पुइग या स्पॅनिश कंपनीकडे गेला. लहानपणाची प्रतिमा तेवढी बाटलीवर शिल्लक राहिली. मक्तेदारीने लहान कारागिराचा वेष घेतला आहे.

यांपैकी बायरेडोचे उदाहरण आपल्याला विशेष जवळचे आहे. तिचे संस्थापक बेन गोरहॅम यांची आई भारतीय, मुंबईच्या चेंबूरची. त्या आठवणीवरून या संस्थेने 'आन्सां चेंबूर', म्हणजे चेंबूरचा धूप, या नावाचे सुगंधी द्रव्य काढले. पुढे 2021 साली 'मुंबई नॉइज' काढले. आजोळाच्या आठवणीतून कोणी काही निर्माण केले तर त्याला नाव ठेवण्याचे कारण नाही. देवळातल्या धुपाचा वास मनात राहून जावा हे मानवी आहे. परंतु चेंबूरला राहणाऱ्यांच्या नाकाला रोज कोणता वास येतो? माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने, खतांचा कारखाना, आणि शेजारी 1927 पासून कचरा पेलणारे देवनार. जानेवारी 2016 मध्ये देवनारच्या कचऱ्याला लागलेल्या आगीचा धूर मुंबईवर दिवसेंदिवस साचून राहिला होता. 2015 साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने माहुल-आंबापाडा परिसरातील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे नमूद केले. त्यानंतरही शहराच्या इतर भागांतून हटवलेल्या झोपडीवासीयांना त्याच माहुलमध्ये नेऊन ठेवण्यात आले आणि त्यातून सुटका व्हावी म्हणून त्यांना वर्षानुवर्षे आंदोलन आणि कोर्टकज्जा करावा लागला. चेंबूरचा निवडक सुगंध युरोपच्या दुकानात गेला आणि उरलेला वास चेंबूरच्या गरिबांकडे राहिला. सुगंध आणि दुर्गंध यांचीही समाजात वाटणी होते आणि ती वर्ग व जात पाहून होते. गटारात उतरणारा, कातडी कमावणारा, कचरा वेचणारा कोण, हे आपल्याकडे जन्मावरून ठरत आले आहे. अत्तराच्या किमतीची चर्चा करताना ही दुसरी बाजू सोडून चालणार नाही.

आता 'युनिसेक्स' या विशेषणाकडे वळू. पुरुषांचा सुगंध वेगळा व बायकांचा वेगळा, ही विभागणी मुख्यतः विसाव्या शतकातील जाहिरातबाजीने पक्की केली, कारण एका घरात दोन बाटल्या खपवता येतात. 1994 साली 'सीके वन'ने तीच भिंत पाडून दाखवली आणि त्यातूनही नवा बाजार मिळवला. आपल्या परंपरेत ही भिंत फारशी नव्हतीच. लग्नात अत्तरदाणी आणि गुलाबदाणी फिरते ती पाहुणा बाई आहे की बाप्या हे पाहून थांबत नाही. उरुसात अत्तराची पेटी घेऊन बसलेला अत्तार कापसाचा फाया ज्याच्या-त्याच्या हातावर तोच लावतो. तेव्हा जी समानता आपल्या आठवडी बाजारात फुकट मिळत आली तिच्यासाठी एक पैसाही जादा देण्याचे कारण नाही.

खरी समानता कोठे तपासावी, ते शहागडच्या पुलावर उभे राहिल्यास दिसते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या ट्रॉल्या येथून जातात. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. श्रम दोघांचे, मोजमाप जोडीचे. उचल मात्र मुकादमाकडून पुरुषाच्या हातात पडते. 2024 च्या जानेवारीत झालेल्या करारानुसार तोडणीचा दर टनाला सुमारे 366 रुपये ठरला. वीस हजारांच्या एका बाटलीला या दराने भागले तर जवळजवळ पंचावन्न टन ऊस होतो. एक जोडी दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडते असे धरले, तर अल्कोहोलने भरलेल्या एका कुपीसाठी एका कोयत्याला सुमारे महिनाभर, पहाटेपासून रात्री गाडी भरेपर्यंत, राबावे लागेल. ही तुलना कोणाला शरमिंदा करण्यासाठी केलेली नाही. समाजाने कोणत्या श्रमाला किती किंमत लावली आहे, हे मोजण्याचे ते एक माप आहे.

इतके सांगितल्यावर एका उलट्या चुकीपासूनही सावध राहिले पाहिजे. आपल्या चळवळीत साधेपणाचा एक कठोर पंथ आहे. खादी, चप्पल आणि झोळी यापलीकडे जे जे सुंदर ते ते भांडवलशाही, असे त्याला वाटते. ही वृत्ती मला मान्य नाही. पहिल्या पावसाने भिजलेल्या मातीचा वास दुष्काळी मराठवाड्याइतका कोणाला कळणार? तोच वास कनौजचे कारागीर तांब्याच्या देगेत मातीची ढेकळे उकळून 'मिट्टी अत्तर' म्हणून बाटलीत धरतात. माणसाला भाकरीबरोबर सुगंधाचीही भूक असते आणि ती गरिबालाही असते. दिवसभर खुरपणी करून घरी निघालेली बाई वेणीत मोगऱ्याचा गजरा माळते तेव्हा ती उधळपट्टी करीत नाही. समाजवादाला सर्वांनी गंधहीन व्हावे असे म्हणायचे नाही. सुगंध ही थोड्यांची राखीव जमीन राहू नये, इतकेच त्याचे म्हणणे आहे.

मग करावे काय? तरुणांना उपदेश करून भागणार नाही. गावाकडच्या मुलाला शहरात पदोपदी आपल्या बोलण्यावरून, कपड्यावरून, वासावरूनसुद्धा तोलले जाते. महागडी बाटली हे त्याला त्या अपमानावरचे औषध वाटते. त्याला हसण्याऐवजी हिशेब दाखवावा: अर्क किती, अल्कोहोल किती, नाव किती. मनाला आवडलेला सुगंध असेल तर रोख पैशांनी, आपल्या ऐपतीत जरूर घ्यावा. कर्जाच्या हप्त्यावर प्रतिष्ठा विकत घेऊ नये, कारण हप्ता संपण्याआधी वास उडून जातो.

परंतु मुख्य मागणी शासनाकडे आहे. वस्तू व सेवाकर आला तेव्हा, जुलै 2017 मध्ये, परफ्यूमवर 28 टक्के कर होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो 18 वर आणला गेला. सप्टेंबर 2025 च्या फेररचनेत चैनीच्या व अपायकारक वस्तूंसाठी 40 टक्क्यांचा वेगळा टप्पा निर्माण झाला. तरी परफ्यूम 18 वरच राहिले. परिणामी उरुसातल्या शंभर रुपयांच्या कुपीला आणि मॉलमधल्या वीस हजारांच्या बाटलीला एकच दर लागू आहे. संपत्तीकर तर 2015 च्या अर्थसंकल्पानेच रद्द केला. किमतीनुसार चढता कर हे अर्थशास्त्राचे साधे तत्त्व आहे. ते येथे लागू करून लहान अत्तरवाल्यावरील भार कमी आणि चैनीवरील जास्त करता येईल. त्याबरोबर कच्चा माल कोठून आला आणि तो कोणत्या मजुरीवर निघाला हे जाहीर करण्याचे बंधन विक्रेत्यावर घालावे.

डॉ. लोहियांनी 'दाम बांधो'ची घोषणा दिली तेव्हा कारखान्यात तयार होणाऱ्या वस्तूची किंमत उत्पादनखर्चाच्या दीडपटीहून अधिक नसावी, असे माप त्यांनी सांगितले होते. वैयक्तिक खर्चावर मर्यादा घालण्याचाही आग्रह त्यांनी धरला. ते माप आज अक्षरशः लावता येईल असे नाही, पण प्रश्न विचारण्याची ती रीत जुनी झालेली नाही. 1972 नंतरच्या महागाईविरोधी आंदोलनात मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर आणि त्यांच्याबरोबर हजारो स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. भाव ही व्यापाऱ्याची खाजगी बाब नाही, तिचा जाब विचारता येतो, हे त्यांनी लोकांना शिकवले.

त्या दृष्टीने मूळ प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. सुगंधाला मोल आहे आणि ते कमी लेखू नये. फुले खुडणारी मुले, देग पेटवणारा कारागीर, सुगंध रचणारा कलावंत यांच्या श्रमाला मूल्य आहे, पण त्यांना ते मिळत नाही. आणि बाटलीवर जी किंमत छापलेली असते तिचा फार मोठा भाग या दोहोंपैकी कशाचाच नसतो. तो इतरांना वगळण्याच्या अधिकाराचा दर असतो. तो दर देण्याइतके कोणतेही अत्तर चांगले नसते. ज्या दिवशी खुडणाऱ्या हातांना पुरेशी मजुरी मिळेल आणि माहुलच्या घरात उघड्या खिडकीशी निर्धास्त बसता येईल, त्या दिवशी अत्तर थोडे महाग झाले तरी आपण त्याची तक्रार करणार नाही.

शहागड, ता. अंबड, जि. जालना